मूळ, माती आणि कोकोची बुरशी

मराठी समीक्षेला वनस्पतिसृष्टीची ओढ जुनीच आहे. एखादी कादंबरी मनाला भिडली की ती 'अस्सल मातीतली' ठरते. लेखक शहरात आला आणि परभाषेत वाचू लागला की त्याची 'मुळे तुटली' असे आपण म्हणतो. परक्या वाङ्मयाच्या आधाराने लिहिणारा 'बांडगूळ' होतो आणि जुन्या वळणाच्या माणसाचे विचार 'बुरसटलेले' असतात. देशीवादाची चर्चा सुरू झाल्यापासून तर यांपैकी काही शब्दांना सिद्धान्ताचे वजन आले. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीचे समर्थक आणि तिचे विरोधक, दोघेही 'मूळ' आणि 'माती' हे शब्द सारख्याच सहजतेने वापरतात. मुळापाशी प्रत्यक्षात काय चालते हे मात्र आपण वाङ्मयाचे विद्यार्थी क्वचितच पाहतो.

आम्हीही ते पाहिले नव्हते. २०२४ साली जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा त्या पिकाविषयी बरेच काही वाचण्यात आले. त्या ओघात कोकोच्या मुळांत राहणाऱ्या उपकारक बुरशीची माहिती समोर आली, आणि ती समजून घेत असताना आपल्या समीक्षेची वर सांगितलेली शब्दसंपत्ती आम्हांस संशयास्पद वाटू लागली. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मूळ ही स्वयंपूर्ण आणि शुद्ध वस्तू आहे असे गृहीत धरून आपण जे बोलतो ते मुळाच्या बाबतीतच खरे नाही. ही चूक दुरुस्त करण्याच्या भरात अलीकडे जे दुसरे रूपक लोकप्रिय झाले आहे, झाडे आणि बुरशी यांच्या प्रेमळ कुटुंबाचे, तेही खरे नाही. आणि या दोन्ही चुकांची किंमत प्रत्यक्ष कोको पिकवणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कोकोचे झाड मूळचे ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातले, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे. एक्वादोरमधील सांता आना-ला फ्लोरिदा येथे सापडलेल्या भांड्यांच्या अभ्यासातून तेथील लोक सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी कोकोचा उपयोग करीत होते असे दिसून आले. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लिनिअसने १७५३ मध्ये या झाडाला 'थिओब्रोमा', म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले. देवांचे हे अन्न ज्या जमिनीत पिकते ती मात्र अनेकदा दरिद्री असते. उष्ण प्रदेशातील पावसाने धुतलेल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. स्फुरद मातीत असतो, पण मुळाला मिळत नाही. शिवाय तो पाण्याबरोबर फारसा सरकतही नाही. मूळ आपल्या अगदी लगतचा स्फुरद शोषून घेते आणि मग त्याच्याभोवती एक रिकामे कडे तयार होते. कोकोची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरात, पालापाचोळ्याच्या खालीच पसरलेली असतात. त्यांची धाव तेवढीच.

या रिकाम्या कड्याच्या पलीकडे जाते ती बुरशी. तिचे तंतू मुळांपेक्षा, किंबहुना मुळांवरील केसांपेक्षाही, बारीक असतात. जिथे मूळ शिरू शकत नाही अशा मातीच्या फटींतून ते जातात आणि स्फुरद घेऊन येतात. तंतूंचे दुसरे टोक मुळाच्या आत, थेट पेशीत शिरलेले असते. तिथे त्याला इतक्या फांद्या फुटतात की सूक्ष्मदर्शकाखाली तो एखाद्या झाडासारखा दिसतो. शास्त्रज्ञ त्याला 'आर्बस्क्यूल' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहानसे झाड. पेशीचे पातळ आवरण या लहानशा झाडाला सर्व बाजूंनी वेढून असते आणि त्या आवरणातूनच देवघेव होते. बुरशी स्फुरद देते, झाड साखर देते. साखरेबरोबर झाड बुरशीला स्निग्ध पदार्थही पुरवते हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले, कारण या बुरशीला ते स्वतः तयार करता येत नाहीत. पेशीतील हे झाड थोडेच दिवस टिकते. मग ते कोसळते, पेशी त्याचे अवशेष पचवते आणि पुन्हा नव्याने सुरुवात होते. जिवंत मुळाशिवाय या बुरशीचे जीवनचक्र पूर्ण होत नाही.

या संबंधाला 'मायकोरायझा' हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक याने १८८५ मध्ये दिले. ग्रीकमधील बुरशी आणि मूळ या दोन शब्दांचा हा समास आहे. प्रशियात ट्रफल या मौल्यवान अळंबीची लागवड करता येईल का, हे शोधण्याचे काम त्याच्यावर सोपवले होते. ते जमले नाही, पण झाडांची मुळे बुरशीने वेढलेली असूनही झाडे निरोगी आहेत हे त्याच्या लक्षात आले. बुरशी म्हणजे रोग, हा समज त्या काळी इतका पक्का होता की त्याच्या म्हणण्याला बराच विरोध झाला. कोकोच्या मुळांतील बुरशीचे कार्य काय असावे, यावर त्रिनिदादमध्ये लेकॉक यांनी केलेला प्राथमिक अभ्यास १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९८० आणि १९९०च्या दशकांत मलेशिया, व्हेनेझुएला आदी ठिकाणी रोपवाटिकेतील रोपांवर प्रयोग झाले आणि ही बुरशी कोकोच्या रोपांच्या वाढीला साहाय्यक ठरते असे दिसून आले.

आता समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची अशी एक गोष्ट सांगतो. स्कॉटलंडमधील राइनी या गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अश्म सापडतात. त्या वनस्पतींच्या पेशींतही हीच लहानशी झाडे आढळली आहेत. आणि त्या वनस्पतींना खरी मुळे फुटलेलीच नव्हती. म्हणजे बुरशीशी असलेला हा व्यवहार मुळापेक्षाही जुना आहे. आपण ज्याला आरंभ, उगम, 'मूळ' म्हणतो, त्याच्या आधीपासून ही देवघेव चालू होती.

मग कोकोच्या साहित्यात ही बुरशी कुठे आहे? कोकोच्या प्रदेशाला ब्राझीलच्या जॉर्ज अमादो याच्याइतका मोठा कादंबरीकार लाभला नाही. बाहिया प्रांताच्या दक्षिणेकडील कोकोच्या मळ्यावर १९१२ मध्ये तो जन्मला. 'काकाउ' (१९३३), 'तेरास दो सें फिम' (१९४३), 'गाब्रिएला' (१९५८) या त्याच्या कादंबऱ्यांत जंगल तोडून केलेली लागवड, खोटी कागदपत्रे करून बळकावलेल्या जमिनी, भाडोत्री बंदूकधारी, कर्जात बुडालेले मजूर असे सारे जग उभे राहते. त्या जगात जमिनीच्या सुपीकतेचे नाते माणसांच्या सांडलेल्या रक्ताशी जोडलेले आहे, आणि नैतिक हिशेब म्हणून ते नाते यथार्थच आहे. अमादोने बुरशीबद्दल का लिहिले नाही, असा बालिश आक्षेप आम्ही घेणार नाही. कादंबरीकाराने मजुराकडे पाहिले हे योग्यच झाले.

मात्र पुढे जे घडले ते लक्षात घेण्याजोगे आहे. १९८९ मध्ये बाहियाच्या मळ्यांत एक रोग आढळला. कोकोच्या फांद्या केरसुणीसारख्या पिंजारतात, सुकतात आणि फळे कुजतात. पोर्तुगीजमध्ये त्याला चेटकिणीची केरसुणी म्हणतात. हा रोग बुरशीचाच. तिच्या शास्त्रीय नावातच 'विनाशकारी' हे विशेषण आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास ब्राझीलचे कोको उत्पादन चार लाख टनांच्या घरात होते. शतक संपताना ते सव्वा लाख टनांच्या आसपास आले. पडलेले भाव हेही त्याचे एक कारण होते, पण अमादोने रंगवलेल्या जगावर घाव घातला तो या रोगाने. अशा रीतीने बुरशी कोकोच्या कथेत आली ती खलनायिका म्हणून. त्याच झाडांच्या मुळांत जी बुरशी तेव्हाही निमूटपणे काम करीत होती तिची कथा झाली नाही. याच रोगाने सुकलेल्या फांद्यांवर वाढून रोगकारक बुरशीला खाणारी ट्रायकोडर्मा कुळातील एक बुरशीही ब्राझीलमध्ये उपायासाठी वापरली गेली. याच कुळातील काही जाती कोकोच्या मुळांत शिरून राहतात आणि त्यांपैकी एकीने प्रयोगातील रोपांना पाण्याचा ताण अधिक काळ सोसता आला असे आढळले. मारणारी बुरशी, तिला खाणारी बुरशी आणि झाडाला पोसणारी बुरशी एकाच मळ्यात असतात. 'बुरसटलेले' हे विशेषण यांपैकी कोणाचे? आपल्या भाषेने एका प्रचंड सृष्टीतून फक्त कुजणे तेवढे उचलले आहे.

भाषेची ही उणीव आता जगभर उलट दिशेने भरून काढली जात आहे आणि आम्हांस तिचीही तितकीच धास्ती वाटते. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील बर्च आणि डग्लस फर या झाडांच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते असे दाखवले. त्यातून जंगलाच्या पोटातील जाळ्याची कल्पना पुढे आली. वयोवृद्ध माता-वृक्ष लेकरांना अन्न पाठवतात, झाडे एकमेकांना धोक्याची सूचना देतात, बुरशी त्यांची निरोप्या असते. रिचर्ड पॉवर्स यांची 'द ओव्हरस्टोरी' (२०१८) ही कादंबरी याच वातावरणात लिहिली गेली; तिला २०१९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. परंतु २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा या तीन अभ्यासकांनी या दाव्यांची छाननी केली, तेव्हा प्रत्यक्ष जंगलातील पुरावा त्यांना पेलण्याइतका भक्कम नाही असा निष्कर्ष निघाला. या तिघांपैकी जोन्स या १९९७ च्या मूळ लेखाच्या सहलेखिका होत, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. आपल्याच कामावर उभ्या राहिलेल्या दंतकथेला आवर घालण्याचे धैर्य वाङ्मयाच्या क्षेत्रात विरळाच दिसते.

शिवाय कॅनडातील त्या झाडांची बुरशी मुळाला बाहेरून वेढणारी, वेगळ्या जातकुळीची. कोकोची बुरशी पेशीत शिरणारी. एकीची कथा दुसरीवर चिकटवता येत नाही. आणि या दुसऱ्या प्रकारात तर प्रेमापेक्षा अटीच अधिक दिसतात. मातीत स्फुरद मुबलक असला की झाड बुरशीला मुळात थारा कमी देते. प्रयोगशाळेत अन्य वनस्पतींवर झालेल्या अभ्यासात असेही आढळले की जो जोडीदार अधिक देतो त्याला अधिक मिळते. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मूळ बुरशीला बोलावते ते स्ट्रायगोलॅक्टोन नावाच्या रसायनांनी, हे २००५ मध्ये कळले. पण ही रसायने शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होती, ती एका निराळ्याच कारणाने. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला आपल्या शेतकऱ्यांना चांगला परिचित आहे. त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निजून असते आणि याच रसायनांच्या चाहुलीने जागे होते. सोबत्याला घातलेली साद चोरालाही ऐकू येते. अशा सृष्टीतून वात्सल्याचा धडा काढणे हे तिला न वाचण्यासारखेच आहे.

कोणी म्हणेल, रूपकच आहे, त्याचा एवढा हिशेब कशाला? हिशेब अशासाठी की रूपकाने डोळ्यांआड केलेली वस्तू पुढे व्यवहारातही डोळ्यांआड राहते. बुरशी झाडाला 'पोसते' असे म्हटले की ती स्फुरद निर्माण करते असा भास होतो. ती निर्माण काहीच करत नाही, मातीत आहे ते आणून देते. कोकोचे प्रत्येक पीक त्या मातीतील स्फुरद बियांबरोबर जहाजात चढवून दूरदेशी नेते. कोत-दिव्वार आणि घाना या दोन देशांत जगातील निम्म्याहून अधिक कोको दीर्घकाळ पिकत आला आहे, तोही मुख्यतः काही हेक्टरांच्या लहान शेतांवर. तिथल्या शेतकऱ्याला गेलेले परत भरून द्यायला खत परवडत नाही. मग दुसरा मार्ग उरतो तो नवे जंगल तोडण्याचा. फ्रान्स्वा र्‍युफ या अर्थशास्त्रज्ञाने त्याला 'जंगलाचे भाडे' असे नाव दिले आहे: जंगलाने साठवलेली सुपीकता, ओलावा, तण आणि रोग यांचा अभाव, हे सारे पहिल्या लागवडीला फुकट मिळते, झाडे म्हातारी झाली की त्याच जागी पुन्हा लागवड करणे फार महाग पडते. कोत-दिव्वारचे बहुतांश जंगल गेल्या काही दशकांत असेच संपले. 'मातीच जणू माउली' अशा भाषेत या उधारीचा उल्लेखही होऊ शकत नाही, कारण माउलीचा हिशेब कोणी ठेवत नाही.

दुसरीकडे तीच भाषा बाजार उचलतो. मायकोरायझाचे डबे आणि पिशव्या आज आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांतही मिळतात. योग्य जागी, विशेषतः निर्जंतुक केलेल्या मातीत वाढवलेल्या रोपांना, त्यांचा उपयोग होऊ शकतो. पण जिथे मातीत बुरशी आधीच नांदते आहे तिथे बाहेरून आणलेली टिकेलच असे नाही, आणि बाजारातील अशा अनेक उत्पादनांत जिवंत बुरशी आढळली नाही असे परदेशांतील चाचण्यांत दिसून आले आहे. चमत्काराच्या भाषेने ज्याचा विश्वास संपादन केला जातो तो शेतकरी असतो आणि पैसेही त्याचेच जातात. ज्या मळ्यात सावलीची झाडे राखली जातात, पालापाचोळा राहू दिला जातो, माती वारंवार उलथली जात नाही, तिथे बुरशीचे तंतू अबाधित राहण्याचा संभव अधिक. हे सांगणे नीरस आहे. पण लेखकाने नीरस सत्याचीही चाड ठेवायला हवी, असे आमचे मत आहे.

आता पुन्हा आपल्या समीक्षेकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात कोको साओ टोमे आणि फर्नांडो पो या बेटांमार्गे पश्चिम आफ्रिकेच्या मुख्यभूमीवर पोहोचला. घानात १८७९ मध्ये टेटे क्वार्शीने आणलेल्या बियांची कथा तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ही बुरशी बियांतून प्रवास करत नाही. अमेरिकेतून आलेल्या झाडाला आफ्रिकेच्या मातीत जे सोबती मिळाले ते तिथलेच होते. या बुरशीच्या ज्ञात जाती काही शेकडाच आहेत आणि जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींशी त्यांचा व्यवहार चालतो. झाड कुठून आले हे त्या पाहत नाहीत. आज कोको म्हटले की जगाला आफ्रिका आठवते. मग त्या झाडाचे 'मूळ' कोणत्या देशाचे म्हणायचे?

आपल्या कादंबरीचीही स्थिती फार वेगळी नाही. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून मोजले तर हा वाङ्मयप्रकार परक्या बियांतून उगवला. त्याला नाव मिळाले ते बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचे. आणि त्याला पोसले ते बखर, कीर्तन, आख्यान, बायकांच्या गोष्टी, नियतकालिकांचे वर्गणीदार आणि शाळामास्तर यांनी. यांपैकी कोणालाही आपण 'मूळ' म्हणत नाही, कारण ते पानावर दिसत नाहीत. उसने घेणाऱ्याला 'बांडगूळ' म्हणण्यापूर्वी त्याने घेतले काय आणि दिले काय, हे विचारायला हवे. कोकोच्या मुळातील बुरशी स्वतःचे अन्न तयार करीत नाही, तरी ती बांडगूळ नव्हे. आणि बुरशीवाचून अशक्त राहणारे कोकोचे झाडही उपरे नव्हे.

आम्हीही इथे रूपकच करीत आहोत याची जाणीव आम्हांस आहे. बुरशीला साहित्याशी काही कर्तव्य नाही आणि पेशीतील देवघेवीवरून वाङ्मयाचा सिद्धान्त सिद्ध होत नाही. आमची मागणी त्याहून साधी आहे. समीक्षेने जर मातीचे शब्द वापरायचेच असतील तर माती काय असते हे जाणून वापरावे. 'मातीतली कादंबरी' असे लिहिताना त्या मातीत कोणाकोणाचे श्रम मिसळले आहेत, कोणाकडून काय घेतले गेले आणि ते परत केले गेले का, एवढे तरी सांगावे. वर्गात 'मूळ' हा शब्द फळ्यावर लिहिणाऱ्या अध्यापकाने त्याच्या शेजारी 'बुरशी' हा शब्दही लिहावा. विद्यार्थी हसतील. मग त्यांना राइनीच्या त्या मूळ नसलेल्या वनस्पतींची गोष्ट सांगता येईल.